घरात मोहा नको

१४ जून २०२४

अहो,

तुम्ही फोन उचलत नाही. उचललात तर स्पीकरवर टाकता. मग तिकडे अहेरीत मोनालीच्या घरातली सगळी माणसं श्वास रोखून ऐकत बसतात, ते मला इथे गावात कळतं बरं का. आधी मिक्सर बंद होतो, मग टीव्हीचा आवाज कमी होतो. मग मला राग येतो, मी ओरडते, आणि तुम्ही बहिणीकडे बघून म्हणता, "पाहा, अजून तशीच हाये." म्हणून हे पत्र. यात मी कितीही ओरडले तरी ते तुम्हाला एकट्यालाच ऐकावं लागेल.

जाताना तुम्ही म्हणालात, "बरी झाली का दिव्याले आनून देतो." ठीक आहे. पण बरी म्हणजे किती बरी, तेवढं सांगून जायचं होतं. ताप असता तर काखेत थर्मामीटर लावून दाखवलं असतं. हात मोडला असता तर प्लास्टर निघाल्यावर अख्ख्या गावाने मान्य केलं असतं. माझं काय मोडलंय ते मलाच दिसत नाही, तर तुम्हाला दाखवू काय? लेकरू माझं, आणि ते परत मिळवायला परीक्षा देते आहे मी. पेपर कुणी काढलाय, तपासणार कोण, काही पत्ता नाही.

दिव्याच्या कपाळावर टाके पडले ते माझ्या हातून. ते मी कधी नाकारलं नाही. अंगणात वेचलेल्या फुलांचा मोहा वाळत होता, मी लाकडी फावड्याने तो सारखा करत होते, पोरगी मागून आली आणि मी फिरले. फिरले तेव्हा ती दिव्या होती हे मला माहीत नव्हतं. हे तुम्हाला मी शंभरदा सांगितलं. तुम्ही शंभरदा म्हणालात, "मंग कोन होती?" मला ठाऊक असतं तर मी डोकं धरून बसले असते का?

इथलं सांगते. तुमच्या आईने ठरवून टाकलं आहे की माझ्या अंगात सोमारी येते. वाघाने धरलेलं माणूस सुखाने जात नाही, ते कुणाला तरी धरतं, आणि शेवटी मांडीवर मीच तिला घेतलं होतं, तेव्हा ती मलाच धरणार. पुजारी आणला. कोंबडा गेला, लिंबं गेली, माझ्या डोळ्यात धूर गेला. बापूजी ओसरीवर बसून तंबाखू चोळत होते. त्यांना हे पटत नाही, पण तुमच्या आईसमोर तसं म्हणायची छाती नाही.

आणि नेमका त्याच वेळी मंगरू आला, सोमारीचा नवरा. कुंपणाच्या काडी-कुडाचं काहीतरी विचारायला आला होता बिचारा. त्याने सगळा थाट बघितला आणि विचारलं, "हे कोनासाठी होऊन राह्यलं?" तुमच्या आईने खाली बघत सांगितलं. तो इतका चिडला की मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. म्हणाला, "माही बाई आमच्या पेनांमंदी, वाडवडलाच्या देवांमंदी गेली, सुगंधाबाई. आमी तिचं सारं केलं. तिचे देव तिच्यापाशी हायेत. ते तुमच्या घरी काऊन येईन? तिले काय काम नाई?" पुजाऱ्याने सामान आवरलं. मी बऱ्याच दिवसांनी हसले, तर तुमची आई म्हणाली, पाहा, हसते.

एक मात्र खरं, माणसं वाईट नाहीत. या हंगामात सगळ्यांनी मिळून ठरवलं, ज्योत्स्नाला जंगलात न्यायचं नाही, तिने घरीच राहायचं, बाकीच्यांनी मोहा वेचून आणायचा, तिने अंगणात वाळवायचा. माझ्या भल्यासाठीच होतं ते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्या मोह्यात. आणि तिथेच ते झालं. म्हणजे जंगलात नाही, वाघापाशी नाही, स्वतःच्या अंगणात. म्हणून सगळे म्हणतात, घरी बसूनसुद्धा हिची भीती जात नाही म्हणजे हिचं काही खरं नाही.

दिव्याचं तिसरीचं पुस्तक इथेच राहिलं आहे. मोनालीला सांगा, तिकडे नवीन घेऊ नका, मी पाठवते.

ज्योत्स्ना

३० जुलै २०२४

अहो,

उत्तर नाही. बरं. ट्रकवर असता, वेळ नसेल. सूरजागडच्या खाणीच्या रस्त्याला धूळ फार असते म्हणतात, डोळ्यात गेली असेल.

काल व्याघ्रदिन होता. तुम्हाला माहीत नसेल, वाघाचाही वाढदिवसासारखा एक दिवस असतो. कार्यक्रमवाले रोवणं चालू असताना बांधावर आले. मी चिखलात, हातात धानाची पेंडी, आणि ते म्हणतात, "ताई, तुम्ही आमच्या वाघीण आहात, तुम्हाला यावंच लागेल." मी नाही म्हणायला तोंड उघडलं तर बापूजी शेजारच्या बांधावरून ओरडले, "येते, येते!" सासऱ्याला सुनेचा सत्कार म्हणजे फार. मागच्या बॅनरमध्ये त्यांचंही नाव होतं ना.

हे 'वाघीण' प्रकरण मला नको झालं आहे हो. वर्षभर चाललंय. मी सोमारीवरच्या वाघावर कुऱ्हाडीचा दांडा घेऊन धावले, बोंब मारली, तो गेला. बस, एवढंच. मी विचार करून काही केलं नाही, आणि सोमारी वाचली पण नाही. तरी शाल, नारळ, फोटो. आठ मार्चला महिला दिनी एकदा, ग्रामसभेत एकदा, शाळेत एकदा. आणि प्रत्येक वेळी "ताई, तुमच्या शब्दात सांगा." आणि शेवटी सगळ्यांचा एकच प्रश्न, "भीती नाही वाटली?" नाही वाटली म्हटलं की टाळ्या. रात्री मी भिंतीला पाठ लावल्याशिवाय झोपत नाही, दार वाजलं की तांब्या हातातून पडतो, हे सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, "वाघीण अन् भेते? काहीबी!" वाघीण म्हणून एकदा नाव पडलं की आजारी पडायची सोय राहत नाही. तुम्हीसुद्धा त्या वेळी सगळ्या पाहुण्यांना सत्काराचा तो व्हिडिओ दाखवत फिरलात. आठवतंय ना?

तर काल. शाळेतली पोरं कागदाचे वाघाचे मुखवटे लावून नाचली. सगळ्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, ही आता किंचाळते की काय. तुमच्या आईने तर माझं मनगट धरून ठेवलं होतं. मला काहीही झालं नाही. उलट एका पोराचा मुखवटा सरकला आणि त्याचं नाक मिशीतून बाहेर आलं तर हसूच आलं. मग कुणीतरी पडद्यावर खऱ्या वाघाचा सिनेमा लावला. वाघ पाणी पितोय, वाघ चालतोय, वाघ थेट आपल्याकडे बघतोय. मी बघितला. ऐटीत चालतो मेला. काही झालं नाही. मला वाटलं, चला, झाले मी बरी, आज रात्री तुम्हाला फोन करायचा, दिव्याला आणा म्हणायचं.

मग सत्कार. शाल झाली, नारळ झाला, आणि बचत गटाच्या बायकांनी एक डबा दिला, झाकणावर वाघाचं चित्र. "उघडा ना ताई, फोटोसाठी." मी उघडला.

मोह्याचे लाडू होते.

त्यानंतरचं मला लोकांनी सांगितलं. मी डबा फेकला, तो समोरच्या रांगेत जाऊन लागला. मी स्टेजच्या मागे, टेबलाखाली, तोंडात पदर कोंबून बसले होते आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हते. बापूजींनी लोकांना हटवलं म्हणे. ते टेबलाबाहेर बसून राहिले, आत वाकून एवढंच म्हणाले, "कोनी नाई, मीच हाव." किती वेळ ते माहीत नाही. बाकीचे म्हणत होते, वाघाच्या चित्राला घाबरली, झाकणावरच्या.

झाकणावरच्या चित्राला! अहो, मी अर्धा तास वाघ बघत बसले होते!

रात्रभर मी हेच घोळवते आहे. दिव्या त्या दिवशी मागून आली तेव्हा तिची मूठ माझ्या नाकाशी आली होती. ती म्हणत होती, "आई, वास घे." नंतर ती रडत होती तेव्हा मूठ उघडली, त्यात मोह्याची फुलं होती, तुम्हीच ती झटकून टाकलीत. आठवतंय तुम्हाला? मला आठवतंय. मी उद्या बापूजींना घेऊन चंद्रपूरच्या दवाखान्यात जाते. आरोग्य केंद्राची आशाताई कधीची मागे लागली होती, मीच टाळत होते. वेड्यांचा डॉक्टर म्हणून.

ज्योत्स्ना

५ सप्टेंबर २०२४

अहो,

परवा तान्हा पोळा झाला. गल्लीतली पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार आली. दिव्याचा बैल फडताळात आहे, त्याचं एक चाक ढिलं होतं ते बापूजींनी ठोकून ठेवलं. बाकी त्यावर काही बोलत नाही, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

डॉक्टरांकडे तीनदा जाऊन आले. एका बाईकडे. तरुण आहे, या भागातली नाही, मोह्याचा वास तिने कधी घेतलेला नाही. मला तिला समजावावं लागलं की कसा असतो, गोड, जड, घशाशी बसणारा, आणि चैत्रात आमच्या गावात त्याच्यापासून पळायला जागाच नसते. अंगणात तो, छपरावर तो, पोत्यात तो, लोकांच्या तोंडाला तो. ती लिहून घेत होती. मग तिने नाव सांगितलं आजाराचं. पीटीएसडी. मला तर संशोधन केंद्रातल्या एखाद्या धानाच्या वाणाचं नाव वाटलं. बापूजींनी विचारलंच, "मंग हे किती दिवसाचं पीक?" डॉक्टरबाईला कळलं नाही. मला मात्र हसू आवरेना.

मराठीत ती म्हणाली, मोठा धक्का बसल्यावर शरीर ती गोष्ट संपली असं मानतच नाही. डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. सैनिकांना होतं, अपघातातल्या माणसांना होतं, बाळंतपण वाईट झालेल्या बायकांना होतं, घरात मार खाल्लेल्या पोरांना होतं. म्हणजे वाघच लागतो असं नाही. मग तिने विचारलं, "डोळे मिटले की सगळ्यात आधी काय येतं? घाई करू नका." मी म्हटलं, वाघ. तिने पेन खाली ठेवलं. मग मी म्हटलं, वाघ नाही. जीप.

तुम्हाला जीपचं मी कधी सांगितलं नाही. कुणालाच नाही. सगळ्यांना वाघ हवा होता, वाघाशी गोष्ट संपत होती.

सोमारी जीपमध्ये जिवंत होती. मागच्या सीटवर मी, माझ्या मांडीवर तिचं डोकं. ती शुद्धीवर होती आणि एकच विचारत होती, "बाई, माहा मोहा आनला का? माहा मोहा?" तिची टोपली जंगलात राहिली असेल म्हणून तिचा जीव अडकला होता. मीच ओरडून ती टोपली मागवली आणि आमच्या पायाशी ठेवायला लावली. तिचा हात धरून टोपलीत घातला. तशी ती शांत झाली. मग गावाच्या तोंडाशी लोकांनी जीप अडवली. बघायला. खिडकीतून मोबाईल आत घातले होते, नुसते हात दिसत होते, माणसं नाही. मी म्हणत होते, सोडा रे, सोडा, जिवंत आहे ती. कुणी म्हणत होतं, थोडं तोंड इकडे करा. काचा लावल्या ड्रायव्हरने. बंद गाडी, ऊन, रक्त आणि तो मोहा. मूल गावाच्या अलीकडे ती गेली. तिथून चंद्रपूरपर्यंत मी त्या वासात बसून होते.

आणि माझ्या घरच्यांनी मला जपायचं म्हणून कुठे बसवलं, तर मोह्याच्या राशीत! आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच. कुणाचा दोष म्हणावा? मला तरी कुठे ठाऊक होतं. वर्षभर मीही वाघालाच शिव्या घालत होते.

मला वाटलं, झालं, कारण सापडलं, आता मोहा बंद केला की मी मोकळी. डॉक्टरबाई म्हणाली, इतकं सोपं नाही, गर्दीचंही आहे, मोबाईलचंही आहे, आणि आणखी काय काय आहे ते हळूहळू बघू. गोळ्या दिल्या, त्याने सकाळी डोळे उघडत नाहीत आणि तुमची आई म्हणते, आता आळशी पण झाली. दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं आहे. मला इतका संताप आला! काटा कुठे रुतलाय ते कळूनसुद्धा काढता येत नसेल तर कळून उपयोग काय?

तरी मी घरी येऊन सांगितलं, या घरात मोहा नको. तुमच्या आईने कपाळाला हात लावला. "घरात मोहा नाई? उद्या म्हनशीन तांदूळ नोको." पाहुण्याला काय द्यायचं, देवाला काय द्यायचं, विकायचं काय. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बघते तर माळ्यावरचं जुनं पोतं नाही. म्हातारीने गुपचूप ते आपल्या भावाकडे पोचतं केलं होतं. मी विचारलं तर म्हणते, "उंदरं लागले होते."

आता बोला. कारण आहे, डॉक्टर आहे, गोळ्या आहेत, पोतं गेलं. दिव्याला पाठवा. मी तिच्याशी कशी वागणार तेही ठरवलं आहे, डॉक्टरबाईने शिकवलं आहे, छाती धडधडायला लागली की पाय जमिनीला दाबायचे आणि समोर काय दिसतं त्याची नावं घ्यायची. चूल, पाटा, कोंबडी, भिंत. वेड्यासारखं वाटतं, पण उपयोग होतो. पाठवा तिला.

ज्योत्स्ना

१९ ऑक्टोबर २०२४

सुनिल,

आज नावानेच हाक मारते आहे. अहो म्हणायची आज इच्छा नाही.

तुमचा मेसेज मिळाला. "शाळा चालू आहे मधातच नको. तू अजून ट्रीटमेंट घे." चार महिन्यांच्या माझ्या पत्रांना ही एक ओळ. मी ती वाचली, मोबाईल ठेवला आणि धान कापायचे विळे घासायला बसले. इतके घासले की बापूजींनी येऊन हातातून काढून घेतले. म्हणाले, "बस झालं, आता त्याईची पाती राह्यनार नाई." मला वाटलं होतं की ज्याचं जळतं त्याला कळतं, तुम्हाला नाही कळायचं, ठीक आहे. इतकंच मला वाटलं होतं.

मग काल मोनालीचा फोन आला. तुम्ही ट्रकवर होतात. पाच मिनिटं ती भाताचं, पावसाचं, भाजीचं बोलत राहिली. मग म्हणाली, "वहिनी, तुमाले सांगू का नोको कळून नाई राह्यलं." मी म्हटलं सांग.

"दिव्या दारातच उभी राह्यते. आत ये म्हटल्याबिगर येत नाई. संडासातून आली तरी दारात उभी. मी पोळ्या करत असली अन् तिले मांगून जायचं असन तर आधी टाळी वाजवते. शाळेत बी. पोट्टे तिले टाळी म्हनतात."

मी विचारलं, कधीपासून.

"आली तवापासून. रात्री दचकते, अंथरून बी ओलं करते कधी कधी. दादानं म्हटलं, ज्योत्स्नाले सांगू नोको, तिचं अजून बिघडन."

मी विचारलं, माझं नाव काढते का.

मोनाली रडायला लागली. म्हणाली, "काढते ना वहिनी. म्हनते, म्या मांगून गेली म्हनून आई बिघडली. बाबा म्हनले आई बरी झाली का जाऊ, म्हनजे मी बिघडवली ते दुरुस्त झाली का जाऊ."

सुनिल, तुम्हाला हे सगळं माहीत होतं. एप्रिलपासून. पोरगी घरात टाळ्या वाजवत फिरते आणि तुम्ही मला कळवता की शाळा चालू आहे!

मला तिची वागणूक कुणी समजावून सांगायला नको. मागून कुणी येऊ नये म्हणून मी भिंतीला पाठ लावून झोपते, आणि आपण कुणाच्या मागून जाऊ नये म्हणून ती टाळी वाजवते. तेच आहे हे. धानाच्या वाणाचं नाव असलेलं तेच. मला वाघामुळे लागलं म्हणा, जीपमुळे म्हणा, मोह्यामुळे म्हणा. तिला माझ्यामुळे लागलं. आणि मी इथे बसून चार महिने 'मी बरी होत आहे, मला लेकरू द्या' असं लिहिते आहे, जसं काही ती मला मिळणारा अजून एक सत्काराचा डबा आहे. तिला काय होतं आहे हे मी एकदाही विचारलं नाही. पुस्तक पाठवू का म्हणून विचारलं, बैलाचं चाक ठोकलं म्हणून सांगितलं.

तुमच्यावर चिडले आहे, ते राहीलच, पण तुमचंही थोडं कळतं. तुम्ही दोघींना लांब ठेवलंत की दोघी आपोआप बऱ्या होतील असं तुम्हाला वाटलं. वासरू गाईपासून तोडलं की दोघं दोन दिवस हंबरतात आणि मग गप्प होतात, तसं. गप्प झालं म्हणजे बरं झालं नाही हो. ती गप्प झाली आहे, एवढंच तुम्ही बघितलं.

आता माझी बरी व्हायची अट मी रद्द करते आहे. बरी झाल्यावर यायचं ठरलं तर मी कधीच येणार नाही, कारण डॉक्टरबाईनेसुद्धा तारीख दिलेली नाही. मी आजारी आहे तशीच अहेरीला येते. गोळ्या घेऊन येते. धान कापून झालं की निघते. मोनालीशी बोलले आहे, ती मागची खोली देते म्हणाली. घरातला मोहा तिने आजच जावेकडे पाठवला. दिव्याला इकडे आणायचं की मी तिकडे राहायचं, ते नंतर. चंद्रपूरला मात्र मी तिलाही घेऊन जाणार आहे, त्या बाईकडे. तुम्ही सोबत आलात तर बरं. नाही आलात तर बापूजी येतात म्हणाले.

तुमची परवानगी मागत नाही. कळवते आहे.

ज्योत्स्ना

१० नोव्हेंबर २०२४

दिव्या,

हे पत्र बाबांना नाही, तुला आहे. मोठे शब्द आले तर आत्याला विचार. माझं अक्षर वाकडं आहे, कारण मी आजोबांच्या शेजारी गवतावर बसून लिहिते आहे आणि ते मध्ये मध्ये डोकावून म्हणतात, "माहा बी आशीर्वाद टाक." टाकला.

मला तुला एक खरं सांगायचं आहे. तू मागून आलीस म्हणून मी बिघडले नाही. मी त्याच्या कितीतरी आधीपासून बिघडलेली होते, आणि कुणालाच कळलं नव्हतं, मलासुद्धा. सोमारीकाकू आपल्याला गाडीत सोडून गेली, तुला माहीत आहे. त्या गाडीत मोह्याचा वास होता. तेव्हापासून तो वास आला की माझं अंग समजतं, मी अजून त्याच गाडीत आहे. मग मला समोरचं कुणी ओळखू येत नाही. त्या दिवशी तू मला फुलं दाखवायला आणलीस, ते चांगलंच केलंस. फुलं दाखवायलाच असतात. माझ्या हातून तुला लागलं, ती चूक माझ्या आजाराची, तुझी जराही नाही. तुला कुणी वेगळं सांगितलं तर त्याला म्हण, आईचं पत्र आहे माझ्याकडे.

आत्या म्हणाली, तू टाळी वाजवतेस. वाजव. कुणी चिडवलं तरी वाजव. तुला बरं वाटत असेल तर जन्मभर वाजव, माझं काही म्हणणं नाही. मला पण भीती वाटली की मी पाय जमिनीला दाबते आणि मोठ्याने नावं घेते, चूल, पाटा, कोंबडी. काल बाजारात नावं घेतली तर भाजीवाली म्हणाली, कोंबडी पलीकडे मिळते.

मी अजून बरी झालेली नाही. मला बरी झाले असं खोटं सांगता आलं असतं, पण तू हुशार आहेस, दोन दिवसांत ओळखशील. दार जोरात लागलं तर मी दचकेन. कधी तोंडात पदर घालून कोपऱ्यात बसेन. तेव्हा तू जवळ यायचं नाही, आत्याला हाक मारायची, एवढंच तुझं काम. मला शांत करणं तुझं काम नाही. ते माझं आहे, आणि डॉक्टरबाईचं.

शनिवारी सकाळच्या गाडीने निघते. चामोर्शीला बदलून, आष्टीवरून, दुपारी तुमच्याकडे पोचेन. आल्यावर मी आत्याच्या दारात उभी राहीन. आत येणार नाही. तू मला लांबून बघ, खिडकीतून बघ, आत्याच्या मागे लपून बघ, तुला हवा तितका वेळ बघ. मलाही तुझी थोडी भीती वाटते आहे, तुला खरं सांगते. तू "आत ये" म्हणालीस की मी आत येईन. म्हणावंसं नाही वाटलं तर नको म्हणूस. मी ओसरीवर अंथरूण टाकेन आणि रविवारी सकाळी उठून पुन्हा दारात उभी राहीन.

तुझी आई